एका दाढेसाठी शेजारचे दोन निरोगी दात तासावेत का? ब्रिज आणि इम्प्लांट यांविषयी

अनुत्तरित:

नमस्कार. खालच्या जबड्यातील डावीकडची पहिली दाढ मला पाच महिन्यांपूर्वी काढावी लागली. पंधरा वर्षांपूर्वी तिचे रूट कॅनॉल करून वर कॅप बसवली होती. या वर्षी तिच्या मुळाला उभी चीर गेल्याचे निघाले आणि अशी दाढ वाचत नाही असे सांगून ती काढण्यात आली. काढताना काही जाणवले नाही, जखमही वेळेत भरली. त्रास सुरू झाला तो नंतर. जीभ दिवसभर त्या फटीत जाऊन बसते, प्रत्येक घास आपोआप उजवीकडे ढकलला जातो, आणि संध्याकाळपर्यंत उजव्या बाजूचा जबडा दुखू लागतो.

पुढे काय करावे याबद्दल दोन दंतवैद्यांची दोन मते पडली आहेत. पहिल्यांच्या मते फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दात तासून त्यांवर तीन दातांचा ब्रिज बसवावा, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत काम उरकेल. दुसऱ्यांच्या मते त्या दोन्ही दातांत आजवर साधे सिमेंटही भरावे लागलेले नसताना ते तासणे म्हणजे गेलेल्या एका दाढेपायी दोन चांगले दात खर्ची घालणे आहे. त्यापेक्षा हाडात इम्प्लांट बसवावे, मात्र त्याला चार-पाच महिने द्यावे लागतील. दोघांचेही म्हणणे ऐकताना पटते, हीच माझी अडचण आहे.

माझे वय ४९ आहे. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात आहे. धूम्रपान करत नाही. मी झोपेत दात खातो असे घरची माणसे सांगतात. पाच महिने गेल्यामुळे इम्प्लांटला उशीर झाला आहे का, मधुमेहात ते टिकते का, आणि काहीच न करता फट तशीच ठेवली तर नेमके काय बिघडते, हे जाणकारांनी किंवा अनुभव घेतलेल्यांनी सांगावे.

काठावरचा:

मी ब्रिजवाला आहे, त्यामुळे त्या बाजूचा अनुभव लिहितो. माझ्या ब्रिजने तेरा वर्षे काहीही कुरकुर न करता काम केले. चौदाव्या वर्षी तोंडाला वास येऊ लागला, म्हणून ब्रिज काढून पाहिला, तर मागच्या दाताला कॅपच्या कडेखालून कीड लागून तो हिरडीच्या पातळीपर्यंत मऊ झाला होता. ब्रिजखालचा दात दिसत नाही, त्यामुळे तो किडत असल्याचे मला कळलेच नाही. तो दात गेला, आणि जिथे एका दाताची फट होती तिथे आता दोन दातांची झाली.

तरीही ब्रिज वाईट असे मी म्हणणार नाही. शेजारच्या दातांना आधीच कॅप असेल किंवा त्यांत मोठी सिमेंटे भरलेली असतील, तर ते तासण्यात फारसे काही गमवायचे नसते आणि ब्रिज हाच शहाणा मार्ग ठरू शकतो. तुमचे दोन्ही दात कोरे आहेत, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर ते तासू दिले नसते.

दंतपंक्ती:

मी दंतवैद्य आहे आणि गेली अनेक वर्षे इम्प्लांटचे काम करतो. तोंड न पाहता निर्णय सांगणे योग्य नाही, पण तुमच्या प्रश्नांची उत्तरे देता येण्याजोगी आहेत. आधी इम्प्लांट म्हणजे काय ते सांगतो, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. हाडात बसवतात तो दात नसतो, ते दाताचे कृत्रिम मूळ असते. टायटॅनियमचा हा स्क्रू दाढेच्या जागी साधारणपणे ४ ते ५ मिलिमीटर जाड आणि ८ ते १२ मिलिमीटर लांब असतो. त्यावर अॅबटमेंट नावाचा जोड बसतो आणि जोडावर कॅप. चावताना दिसते आणि झिजते ती कॅप. टिकणे किंवा न टिकणे ठरते ते मात्र स्क्रू आणि हाड यांच्या मिलाफावर.

हा मिलाफ अपघाताने सापडला. पेर-इंग्वार ब्रोनमार्क हे स्वीडिश संशोधक १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहण्यासाठी टायटॅनियमची छोटी नळी त्या हाडात बसवत असत. प्रयोग संपल्यावर ती नळी पुन्हा वापरण्यासाठी काढू गेले, तर ती निघेना. हाड तिला असे भिडले होते की वेगळे करणे अशक्य झाले. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर चाळीस वर्षांहून अधिक काळ ते स्क्रू काम देत होते. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर हवेशी संपर्क येताच ऑक्साइडचा अतिपातळ थर तयार होतो आणि शरीर त्या थराला परके मानत नाही, म्हणून हाडाच्या पेशी थेट धातूपर्यंत वाढत येतात.

आता तुमचा पहिला प्रश्न. पाच महिने हा उशीर नव्हे. दाढ काढल्यावर तिथल्या हाडाची रुंदी पहिल्या वर्षात निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच कमी होतो. गालाकडची भिंत आतल्या भिंतीपेक्षा जास्त आक्रसते. म्हणजे तुमच्या बाबतीत जी घट व्हायची ती बरीचशी होऊन गेली आहे. उरलेले हाड पुरेसे आहे की नाही हे साध्या क्ष-किरण चित्रावरून कळत नाही, कारण त्यात उंची दिसते, रुंदी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी हे त्रिमितीय चित्र काढावे लागते. खालच्या जबड्यात ते विशेष महत्त्वाचे आहे, कारण दाढांच्या मुळांखालून जाणारी नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना पुरवते. स्क्रूचे टोक आणि त्या नसेची नळी यांत किमान २ मिलिमीटर अंतर राखायचे असते, आणि शेजारच्या दाताच्या मुळापासून साधारण दीड मिलिमीटर. नसेला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो, कधी कधी कायमचा. दाढेच्या जागी हे चित्र न काढताच तारीख देणाऱ्याकडे मी स्वतःच्या नातेवाइकाला पाठवणार नाही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया लोकांना वाटते तितकी दुखरी नसते. भूल हिरडीत देतात. त्यानंतर जाणवते ते थरथरणे, पाण्याचा गारवा आणि दाब. पाणी गार असण्याला कारण आहे. हाड ४७ अंश सेल्सियसपर्यंत मिनिटभर जरी तापले, तरी तिथल्या पेशी मरू लागतात, आणि मेलेल्या हाडात स्क्रू रुजत नाही. म्हणून छिद्र एका दमात पाडत नाहीत. बारीक ड्रिलपासून सुरुवात करून मंद गतीने, गार सलाइनच्या धारेखाली ते पायरीपायरीने रुंद करत नेतात.

स्क्रू बसवल्यावर पहिल्या दिवशी तो घट्टच असतो, पण ती पकड भिंतीत खिळा ठोकल्यासारखी निव्वळ दाबाची असते. पुढच्या आठवड्यांत दाबलेले हाड विरघळून नवे हाड तयार होऊ लागते. जुनी पकड सुटत चालली आहे आणि नवी अजून पक्की झालेली नाही, असा काळ सुमारे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो आणि तोच सर्वांत नाजूक असतो. दुखत काहीच नसल्यामुळे रुग्ण नेमके त्याच सुमारास त्या बाजूने चावू लागतात. खालच्या जबड्याचे हाड दाट असल्याने तिथे साधारण तीन महिने, वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र असल्याने तिथे चार ते सहा महिने थांबण्याची पद्धत आहे. ‘एका दिवसात दात’ ही जाहिरात खोटी असतेच असे नाही. स्क्रू साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक जोराने घट्ट बसला, तर त्याच दिवशी तात्पुरता दात देता येतो. पण झोपेत दात खाणाऱ्या माणसाच्या एकट्या दाढेवर मी ही घाई करणार नाही.

मधुमेह असणे ही अडचण नाही. तो आटोक्यात नसणे ही अडचण आहे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीए१सी चाचणीचा ताजा आकडा ७ च्या आसपास असेल तर मी पुढे जातो, ८ च्या वर असेल तर तुमच्या डॉक्टरांशी बोलून तो खाली येईपर्यंत थांबतो.

दात खाण्याकडे मात्र मी मधुमेहाइतक्याच गांभीर्याने पाहतो. नैसर्गिक दाताचे मूळ आणि हाड यांमध्ये तंतूंची जेमतेम पाव मिलिमीटरची गादी असते. चावताना दात त्या गादीत किंचित दबतो, आणि दातांत एखादा केस आला तरी ती गादीच मेंदूला कळवते. इम्प्लांटला ही गादी नाही. ते दबत नाही आणि आपल्यावर किती जोर पडतो आहे हेही त्याला नीट सांगता येत नाही. म्हणून तुमच्या कॅपची उंची शेजारच्या दातांपेक्षा केसभर हलकी ठेवावी लागेल आणि रात्री दातांवर घालण्याची पट्टी वापरावी लागेल. तसे न केल्यास आधी जोडाचा छोटा स्क्रू सैल होतो, मग कॅपच्या चिनी मातीचा टवका उडतो.

फट तशीच ठेवल्यास समोरची वरची दाढ आधार न उरल्यामुळे हळूहळू खाली उतरते आणि मागची दाढ फटीकडे कलते. हे महिन्या-दोन महिन्यांत होत नाही, पण काही वर्षांनी दात बसवायचा ठरवला तर त्याला जागाच उरत नाही. तेव्हा निर्णय सावकाश घ्यावा, मात्र टाळू नये.

दुसरी पाळी:

दंतपंक्ती यांनी नाजूक काळाबद्दल लिहिले आहे, त्याचा दाखला माझ्याकडे आहे. माझे पहिले इम्प्लांट गेले.

वरच्या जबड्यात होते. बसवल्यावर तिसऱ्या दिवशी सूज उतरली, आठव्या दिवशी टाके काढले, आणि दहाव्या दिवशी मी पुन्हा सिगारेट ओढायला लागलो. ओढू नका असे मला सांगितले होते; मी ते औपचारिक सूचनेसारखे ऐकले. सहाव्या आठवड्यात तपासणीला गेलो. हिरडीच्या वर दिसणारी छोटी झाकणी डॉक्टर चावीने फिरवून काढत होते. ती निघण्याऐवजी सगळेच फिरू लागले. त्यांनी हात थांबवला, पुन्हा अर्धा वेढा दिला, आणि झाकणीसकट संपूर्ण स्क्रू त्यांच्या चिमटीत आला. भूल दिलेली नव्हती आणि मला काहीच दुखले नाही. ट्रेमध्ये पडल्याचा बारीकसा आवाज तेवढा ऐकू आला. हाडाने त्याला धरलेच नव्हते.

त्यानंतर चार महिने जागा भरू द्यावी लागली, हाडाची भुकटी भरून रुंदी वाढवावी लागली आणि मग दुसरे बसवले. या वेळी शस्त्रक्रियेच्या तीन आठवडे आधीपासून सिगारेट बंद केली, ती आजतागायत बंद आहे. दुसरे इम्प्लांट सातव्या वर्षात आहे. पहिल्या ठिकाणी माझे त्रिमितीय चित्र काढले नव्हते आणि सिगारेटबद्दल एका वाक्यापलीकडे कोणी विचारले नव्हते, याचा राग मला बरेच दिवस होता; पण दहाव्या दिवशीची सिगारेट मीच पेटवली होती हेही खरे आहे. अनुत्तरित, तुम्ही धूम्रपान करत नाही ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

सावली:

विषय एका दाढेचा आहे, पण इथे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरी कवळी वापरणारी वडीलधारी माणसे असतील, म्हणून थोडे लिहिते. माझ्या सासूबाईंची खालची कवळी बोलताना उचलली जायची. वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालच्या कवळीला टाळूचा आधार नाही, शिवाय जीभ तिला सतत ढकलत असते. त्यांनी चारचौघांत जेवणेच सोडले होते. आम्हाला वाटत होते की इम्प्लांट म्हणजे प्रत्येक दातासाठी एक स्क्रू, आणि त्या वयात ते शक्य नाही. प्रत्यक्षात पुढच्या भागात दोनच इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी टिचबटणासारखी अडकवता येते. खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर किमान एवढी सोय ही पहिली निवड असावी, असे तज्ज्ञांचे मत २००२ मध्ये मॅकगिल विद्यापीठातील परिषदेत मांडले गेले होते, हे आम्हाला नंतर कळले. कवळी रात्री काढून धुवायची असते आणि बटणातली नायलॉनची चकती झिजली की बदलावी लागते. याखेरीज विशेष त्रास नाही. सकाळी ती बसवताना ‘टिच’ असा आवाज आला की सासूबाई अजूनही समाधानाने मान हलवतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. त्या हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून सहा महिन्यांनी एक इंजेक्शन घेत असत. आम्ही औषधांच्या यादीत ते लिहिलेच नव्हते, कारण ते रोजचे औषध नव्हते. दंतवैद्यांनी नेमके विचारले म्हणून निघाले. अशा औषधांमुळे जबड्याच्या हाडाची जखम भरून न येण्याचा धोका असतो, त्यामुळे त्यांनी आधी अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलून मगच पुढचे ठरवले. ते इंजेक्शन आपल्या मनाने थांबवणेही धोक्याचे असते, हे तेव्हाच कळले.

अनुत्तरित:

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही बाजू इतक्या स्वच्छपणे मला दवाखान्यातही कोणी सांगितल्या नव्हत्या. एचबीए१सी चाचणी कालच करून घेतली, आकडा ६.९ आला. शेजारचे दात तासायचे नाहीत एवढे आता नक्की झाले आहे.

दंतपंक्ती, दोन शंका उरल्या आहेत. कॅप सिमेंटने चिकटवतात की स्क्रूने बसवतात, याचा पर्याय मला देण्यात आला आहे आणि त्यातला फरक मला समजलेला नाही. दुसरे म्हणजे, इम्प्लांट आयुष्यभर टिकते असे दुसऱ्या दंतवैद्यांनी सांगितले, ते कितपत खरे मानावे?

दंतपंक्ती:

६.९ असेल तर तुमच्या मधुमेहाची मला काळजी नाही.

दाढेसाठी, जागा आणि कोन जमत असेल तर, मी स्क्रूने बसणारी कॅप निवडतो. तिच्या माथ्यावर बारीक छिद्र असते, आतला स्क्रू घट्ट करून ते छिद्र दातरंगी सिमेंटने बुजवतात. दिसायला ते थोडे कमी देखणे असते, पण मागच्या दाढेकडे कोण पाहणार? उद्या काही सैल झाले तर कॅप न फोडता काढता येते. सिमेंटने चिकटवलेली कॅप सुबक दिसते, मात्र बसवताना कडेने बाहेर आलेले सिमेंट हिरडीखाली राहून गेले तर ते काट्यासारखे सलत राहते. महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथली हिरडी सुजते आणि हाड झिजू लागते. ते सिमेंट साध्या चित्रात दर वेळी दिसतेच असे नाही.

‘आयुष्यभर’ हा शब्द मी रुग्णांपाशी वापरत नाही. दहा वर्षांनंतर शंभरातली नव्वदहून अधिक इम्प्लांट तोंडात असतात, हे अनेक पाहण्यांतून दिसले आहे. पण तोंडात असणे आणि निरोगी असणे यांत फरक आहे. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरे, म्हणून लोक निर्धास्त होतात. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे घुसून त्याला बांधून ठेवतात. इम्प्लांटभोवती ते नुसते बाहीसारखे वेढलेले असतात. त्यामुळे तिथे साचलेला थर जंतूंना सहज खोल नेतो. सुरुवातीला ब्रश करताना रक्त येते, दुखत काहीच नाही. या टप्प्यावर स्वच्छता केली तर हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष झाले तर हाड खचते, आणि खचलेले हाड परत आणणे फार अवघड असते. रोज रात्री दोन दातांच्या मधल्या फटीत जाणारा छोटा ब्रश इम्प्लांटच्या दोन्ही कडांनी फिरवायचा, सहा महिन्यांनी तपासणी करायची, आणि पहिल्या वर्षअखेर एक चित्र काढून हाडाची पातळी नोंदवून ठेवायची, एवढे पुरते.

आणखी एक, जे रुग्ण सहसा मागत नाहीत. काम संपल्यावर इम्प्लांटची कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट क्रमांक असलेले कार्ड किंवा डबीवरचे स्टिकर मागून घ्या. प्रत्येक कंपनीची चावी आणि जोड वेगळा असतो. दहा वर्षांनी दुसऱ्या गावी स्क्रू सैल झाला आणि हे कार्ड नसेल, तर समोरच्या दंतवैद्याला नुसत्या चित्रावरून कंपनी ओळखत बसावे लागते. मी स्वतः अशा एका रुग्णासाठी तीन कंपन्यांच्या चाव्या मागवल्या होत्या, तिसरी लागली.

अनुत्तरित:

हे ठाऊकच नव्हते. सीबीसीटीची वेळ सोमवारची मिळाली आहे. कार्डाचे आणि स्क्रूने बसणाऱ्या कॅपचे त्यांना त्याच दिवशी विचारतो. दात खातो हे मी त्यांना अजून सांगितलेलेच नाही, तेही सांगतो. चित्रात नसेपर्यंतचे अंतर किती निघाले ते इथे कळवतो.